कुणाचं दुखतंय, सिस्टर?

या वेळी तीन पत्रं घेतोय, तिन्ही इंग्रजीतल्या डायरेक्ट-इनडायरेक्टची, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात कसं सांगायचं त्याची. पहिल्याचं उत्तर लांबलंय, मधल्याचं आखूड आहे. नेहमीप्रमाणे इंग्रजी वाक्यं देवनागरीतच छापली आहेत, डोळ्यांच्या आधी कान तयार व्हावा म्हणून. मल्याळम वाक्यांचंही तेच.

प्रश्न : सर, मी मूळची कोट्टयमची. लग्न होऊन मिरजेत आले, इथंच एका दवाखान्यात 11 वर्षं नर्स आहे. मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही. हे पत्र मी सांगितलं आणि शेजारच्या काकूंनी लिहिलं. परदेशी जाण्यासाठी ओईटीची, म्हणजे डॉक्टर-नर्सच्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करतेय. डायरेक्ट-इनडायरेक्टचा तक्ता तोंडपाठ आहे, पण ड्यूटीवर लिहायची वेळ आली की सगळं जातं. परवा रिपोर्टच्या वहीत मी लिहिलं, ‘पेशंट सेड दॅट आय ॲम हॅविंग पेन इन द चेस्ट.’ राउंडला डॉक्टर हसले आणि म्हणाले, ‘कुणाच्या छातीत दुखतंय, सिस्टर?’ क्लासमध्ये दुसरं वाक्य चुकलं, ‘ही आस्क्ड दॅट व्हेअर डू आय वर्क.’ मल्याळी माणसाला हे का जमत नाही?
— एक परिचारिका, मिरज

उत्तर : सिस्टर, आधी त्या काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी लिहिलंय, ‘मी मूळची कोट्टयमची.’ अक्षर काकूंचं, पेन काकूंचं, आणि ‘मी’ मात्र तुमचा. काकू कोट्टयमच्या आहेत असं मला क्षणभरही वाटलं नाही. वहीत तुम्ही केलंत ते नेमकं हेच. पेशंटचा ‘मी’ जसाच्या तसा कागदावर ठेवलात. मराठीत आणि मल्याळममध्ये ते चालतं, इंग्रजीत चालत नाही. इंग्रजीत तो ‘आय’ ज्याच्या हातात पेन आहे त्याचा होतो, आणि मग डॉक्टरांना तुमचा ईसीजी काढावासा वाटतो.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मिरजेत नर्सिंगच्या मुलींना संध्याकाळी इंग्रजी शिकवायला जायचो. 9 वर्षं गेलो. वर्गात निम्म्या मुली केरळच्या असायच्या. पहिली दोन वर्षं मी तेच केलं जे माझ्या गुरुजींनी माझ्यावर केलं होतं. ‘धिस’चं ‘दॅट’, ‘नाऊ’चं ‘देन’, ‘विल’चं ‘वुड’, असा तक्ता फळ्यावर लिहायचा, पाठ करून घ्यायचा आणि चुकलं की लाल रेघ मारायची. मुलींनी तक्ता पाठ म्हणून दाखवला आणि वाक्यं पुन्हा तशीच चुकवली. शेवटी एके दिवशी वैतागून एकीला म्हटलं, ‘हे तुमच्या भाषेत कसं म्हणतात ते तरी लिही.’ तिनं लिहिलं. मग तिलाच प्रत्येक शब्दाखाली मराठी शब्द लिहायला सांगितला. फळ्यावर असं दिसलं :

ञान् नाळे वरुम् एन्नु अवन् परञ्ञु.
मी – उद्या – येईन – म्हणून – तो – म्हणाला.

मी खडू खाली ठेवला. एकही शब्द जागचा हलवावा लागला नव्हता.

यातला ‘एन्नु’ हा सगळा खेळ करतो. दुसऱ्याचं बोलणं संपलं की मल्याळी माणूस त्याला ‘एन्नु’ची शेपटी लावतो. हा शब्द द्राविडी भाषांतल्या ‘म्हणणे’ अर्थाच्या जुन्या धातूपासून आला आहे, जसा आपला ‘म्हणून’ हा ‘म्हणणे’पासून. कन्नडातला ‘अंत’, तेलुगूतला ‘अनि’, तमिळमधला ‘एन्ऱु’ ही सगळी याचीच भावंडं. संस्कृतातला ‘इति’ही बोलणं संपल्यावरच येतो. आणि आमच्या सांगलीकडं तर ‘उद्या येतो म्हणून सांगितलंय त्यानं’ हे रोजचं बोलणं आहे. पुण्याचे पाहुणे त्याला हसतात, ‘की’ लावा म्हणतात. हसू देत. जतच्या बाजारात उभे राहिलात तर ‘बरतीनि अंत हेळिद’ असं कन्नड ऐकू येतं, म्हणजे ‘येतो म्हणून म्हणाला’, तेही शब्दाला शब्द हेच आहे. म्हणजे तुमचा ‘एन्नु’ कोट्टयमहून निघाला आणि मिरज स्टेशनवर उतरला तेव्हा त्याची मावशी इथं आधीच राहत होती.

आपल्याकडं दुसऱ्याचं बोलणं डब्यात भरून आणतात आणि वर ‘एन्नु’चं किंवा ‘म्हणून’चं झाकण लावतात. आतलं कालवण त्याचंच राहतं. इंग्रजीत हा डबा रिकामा करून आपल्या ताटात वाढून घ्यावा लागतो. बोलणारा उठून गेला. आता सांगणारे तुम्ही, बसलाय तिथून, आत्ता. ‘मी’ कुणाचा, ‘उद्या’ कुठल्या दिवसाचा, ‘इथं’ म्हणजे कुठं, हे सगळं तुमच्या जागेवरून पुन्हा ठरवायचं.

तेव्हा डॉक्टरांनी चेष्टेत जो प्रश्न विचारला तोच पहिला नियम समजा. कुणाचं? मल्याळी बोलणाऱ्याला हा प्रश्न जास्त छळतो, त्याला कारण आहे. मराठीत ‘येते’ म्हटलं की बाई आहे हे क्रियापदातच कळतं. तमिळ आणि कन्नडातही क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. मल्याळमनं ते ओझं कधीच टाकून दिलं. मी, तू, तो, ती, आम्ही, सगळ्यांना एकच ‘वरुम्’. त्यातून कर्ता गाळायची सवय. ‘पनियाणु एन्नु परञ्ञु’, म्हणजे ‘ताप आहे म्हणून सांगितलं’. कुणाला ताप, कुणी सांगितलं, काही नाही. वॉर्डात उभ्या असलेल्याला ते न सांगता कळतं. इंग्रजी वाक्याला मात्र दोन्ही ठिकाणी माणूस उभा करावा लागतो, ‘शी सेड शी हॅड फीवर.’ म्हणून लिहायच्या आधी मनात दोन माणसं उभी करा. बोललं कोण, आणि दुखतंय कुणाचं. ‘पेशंट सेड दॅट शी वॉज हॅविंग पेन इन हर चेस्ट.’ ‘द चेस्ट’ नको, ‘हर चेस्ट’.

आता काळ. ‘सेड’ भूतकाळात आला की आतलं क्रियापदही एक पायरी मागं सरकतं. ‘ॲम’चं ‘वॉज’, ‘विल’चं ‘वुड’, ‘कॅन’चं ‘कुड’, ‘व्हॉमिटेड’चं ‘हॅड व्हॉमिटेड’. ‘एन्नु’च्या आत काळ हलत नाही, ‘म्हणून’च्या आतही नाही, त्यामुळं ही पायरी आपल्याला मुद्दाम उतरावी लागते. पण तक्ता एक गोष्ट सांगत नाही, ती तुमच्या कामात महत्त्वाची आहे. जे आत्ताही खरं आहे ते मागं सरकवलंच पाहिजे असं नाही. पेशंट सकाळी म्हणाली, मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. तुम्ही ‘शी सेड शी वॉज ॲलर्जिक’ लिहिलंत तर व्याकरण चुकलं नाही, पण रात्रपाळीच्या सिस्टरला वाटेल की पूर्वी होती, आता नसावी. तिथं सरळ ‘इज ॲलर्जिक’ लिहा. दुखणं सकाळचं होतं, ॲलर्जी अजून आहे. व्याकरणापेक्षा पेशंट मोठा. आणि ‘शी सेज’ असा वर्तमानकाळ वापरला तर आत काहीच हलत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता तुमचं दुसरं वाक्य, ‘ही आस्क्ड दॅट व्हेअर डू आय वर्क’. हे मी तीनदा वाचलं, कारण यात तुमचा अख्खा प्रवास आहे. यातला ‘दॅट’ केरळचा नव्हे. मल्याळम आधी काही लावत नाही, जे लावायचं ते शेवटी. ‘त्यानं विचारलं की मी कुठं काम करते’ यातला ‘की’, जो फारसीतून आपल्याकडं आला असं मानतात, तो 11 वर्षांत तुमच्या तोंडी बसला आणि इंग्रजीत ‘दॅट’ होऊन उतरला. म्हणजे ‘दॅट’ मिरजेचा, आणि प्रश्न जसाच्या तसा उचलून ठेवायची पद्धत कोट्टयमची. इंग्रजीत दोन्ही सोडायचं. ‘व्हेअर’ आहे ना, मग ‘दॅट’ कशाला? आणि प्रश्न आता प्रश्न राहिलाच नाही, ती बातमी झाली. म्हणून ‘डू’ला सुट्टी. ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वर्क्ड.’ शेवटी प्रश्नचिन्हही नाही.

हो-नाहीचे प्रश्न याहून सोपे जातील तुम्हाला. मल्याळममध्ये शेवटी ‘ओ’ लागतो, ‘मरुन्नु कऴिच्चो एन्नु चोदिच्चु’. मराठीत ‘का’ लागतो, ‘औषध घेतलं का म्हणून विचारलं’. इंग्रजीत त्या ‘ओ’च्या आणि ‘का’च्या जागी ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’, फक्त शेपटीला नव्हे, तोंडाशी. ‘आय आस्क्ड हर इफ शी हॅड टेकन द मेडिसिन.’

आणि एका ठिकाणी तिन्ही भाषा हातात हात घालून चालतात. ते वर्गात सांगितलं की मुलींचे चेहरे उजळायचे. ‘इरिक्कान् परञ्ञु’, ‘बसायला सांगितलं’, ‘टोल्ड मी टू सिट’. आज्ञा, सूचना, सल्ला, काहीही असो, ‘-आन्’ किंवा ‘-आयला’ मनात आला की इंग्रजीत ‘टू’. नको म्हणायचं असेल तर ‘नॉट टू’. ‘द डॉक्टर ॲडव्हाइज्ड हर नॉट टू लिफ्ट वेट्स.’ यात काळ सरकवायची भानगडच नाही. ओईटीच्या पत्रात निम्मी वाक्यं या साच्यात बसवता येतील, बसवा.

‘सेड’ आणि ‘टोल्ड’ची गंमत अशी, की मल्याळममध्ये दोन्हीला एकच ‘परञ्ञु’ पुरतो, तर मराठीत ‘म्हणाला’ आणि ‘सांगितलं’ वेगळे आहेत. तुम्हाला मराठी येतं, ते इथं वापरा, पण जपून. ‘टोल्ड’ला माणूस चिकटलाच पाहिजे : ‘टोल्ड मी’, ‘टोल्ड द नर्स’. ‘ही टोल्ड दॅट’ हे अर्धवट राहिलं. उलट ‘सेड’ला माणूस थेट चिकटत नाही, ‘सेड मी’ कधीच नाही. ‘परञ्ञु’ला दोन्ही चालतं, म्हणून तुमच्या मुलुखातल्या मुली हमखास इथं घसरतात. आमच्या सांगलीच्या मुलीही घसरतात, ‘त्यानं सांगितलं की’ म्हणत.

ओईटीत नर्सला साधारण 180 ते 200 शब्दांचं पत्र लिहायचं असतं आणि एकूण 45 मिनिटं मिळतात. त्यात पेशंट काय म्हणाला हे येणारच. दर वेळी ‘सेड’ लिहू नका. तक्रार असेल तर ‘कम्प्लेन्ड ऑफ’. पेशंट नाही म्हणाला, म्हणजे छातीत दुखत नाही असं म्हणाला, तर ‘डिनाइड एनी चेस्ट पेन’. इथं ‘रिफ्यूज्ड’ लिहिलं तर घोटाळा होतो. गोळी घ्यायला नकार दिला तर ‘रिफ्यूज्ड’. मराठीत दोन्हीला ‘नाही म्हणाली’, म्हणून हे सांगतोय.

एक काम करा. आठवडाभर ड्यूटी संपल्यावर पेशंटची पाच वाक्यं मल्याळममध्ये लिहा, ‘एन्नु’सकट. मग ‘एन्नु’वर काट मारा. आणि त्या डॉक्टरांच्या आवाजात स्वतःला विचारा, कुणाचं? कधीचं? कुठलं? उत्तरं समासात लिहा आणि मगच इंग्रजी करा. चुकलेली पानं मला पाठवा. बरोबर आलेली पाठवू नका, त्यात मला काही काम नाही.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये शिकवलं, की ‘सेड टू’ दिसलं की ‘टोल्ड’ करायचं. ‘लेट अस’ आलं तरी तेच का?
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : नाही. ‘ही सेड टू मी, लेट अस गो टू अजिंक्यतारा’ यात तो मला काही सांगत नाहीये, चल म्हणतोय. ‘ही सजेस्टेड दॅट वी शुड गो’ किंवा ‘ही सजेस्टेड गोइंग’. ‘सजेस्टेड मी टू गो’ मात्र लिहू नका, ‘ॲडव्हाइज्ड मी टू गो’ चालतं म्हणून ‘सजेस्ट’लाही चालेल असं नसतं. प्रश्न असेल तर ‘आस्क्ड’, ‘गुड मॉर्निंग’ असेल तर ‘विश्ड मी’. आधी माणूस काय करतोय ते बघा, विचारतोय, बोलावतोय, की हुकूम सोडतोय. दिसला ‘सेड टू’ की फेक ‘टोल्ड’, हे गणित फार लांब नेत नाही.

प्रश्न : सर, आमचा गलाईचा धंदा. माझे मिस्टर त्रिशूरला असतात. मुलगा तिकडंच सातवीपर्यंत शिकला, मल्याळम त्याला मराठीपेक्षा चांगलं येतं. आता विट्याला दहावीत आहे. चाचणीत वाक्य होतं, ‘राम सेड, आय विल गो टुमारो.’ त्यानं ‘ही वुड गो टुमारो’ लिहिलं. बाईंनी एक मार्क कापला, ‘द नेक्स्ट डे’ पाहिजे होतं. मुलगा भांडतोय, की आजच बोलला आणि आजच सांगितलं तर उद्या हा उद्याच ना? कोण बरोबर?
— एक आई, विटा

उत्तर : ताई, खानापूर-आटपाडीकडची माणसं जुनं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली, आणि त्यांच्या पोरांच्या तोंडी चार-चार भाषा आल्या. तुमच्या मुलाचं डोकं त्यामुळंच चाललंय. भाषेच्या दृष्टीनं तो बरोबर आहे. आज बोलला, आज सांगितलं, उद्या अजून यायचाय, तर ‘टुमारो’च राहतो. पण पेपरातल्या रामाचं काही खरं नसतं. तो कधी बोलला, सांगणारा कधी सांगतोय, काहीच दिलेलं नसतं. म्हणून परीक्षक धरून चालतात, की वेळ उलटून गेली. त्यामुळं मार्क बाईंचा.

‘टुमारो’ का हलवायचा ते मला 2019 साली कळलं, आणि तोवर मी निम्मं आयुष्य तो हलवायला शिकवत होतो. ऑगस्ट महिना. आम्ही सांगलीच्या गावभागात तळमजल्याला राहत होतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. सांगलीच्या पोराला हे पाढ्यासारखं माहीत असतं. पाणी चढत होतं आणि फोनवर निरोप आला, ‘उद्या सकाळपासून पाणी उतरणार म्हणून सांगितलंय.’ बायको म्हणाली, पुस्तकं वर नेऊ. मी म्हटलं, थांब, उद्या उतरतंय. दुसऱ्या दिवशी पाणी दारात. तोच निरोप पुन्हा आला, दुसऱ्या नंबरवरून, शब्द न् शब्द तोच, ‘उद्या सकाळपासून’. तिसऱ्या दिवशी पुन्हा. कुणीतरी एकदाच म्हटलेला ‘उद्या’ लोक जसाच्या तसा पुढं ढकलत होते, आणि प्रत्येक घरात तो नव्यानं उजाडत होता. पाणी 57 फुटांवर गेलं. शब्दकोशाचे दोन खंड आणि माझी व्याकरणाची सगळी टिपणं गेली. त्यात डायरेक्ट-इनडायरेक्टचा तक्ताही होता. पहिल्याच माणसानं ‘मंगळवारी उतरेल असं सोमवारी सांगितलं’ असं लिहिलं असतं, तर बुधवारी आम्ही त्यावर विसंबलो नसतो. ‘द नेक्स्ट डे’ हे काम करतो. तो सांगणाऱ्याच्या आजपासून मोजत नाही, बोलणाऱ्याच्या दिवसापासून मोजतो.

तुमच्या मुलाला हे मल्याळममधून सांगा, चटकन कळेल. ‘नाळे’ म्हणजे उद्या, आणि ‘पिट्टेन्नु’ म्हणजे दुसऱ्या दिवशी. ‘इन्नले’ म्हणजे काल, आणि ‘तलेन्नु’ म्हणजे आदल्या दिवशी. त्याच्याकडं चारही शब्द आहेत. फक्त ‘एन्नु’च्या आत ‘नाळे’ तसाच राहायची मुभा असल्यामुळं ‘पिट्टेन्नु’ काढायची वेळच येत नाही. पेपरात ‘एन्नु’ नाही, म्हणून ‘नाळे’चा ‘पिट्टेन्नु’ करायचा, ‘इन्नले’चा ‘तलेन्नु’. ‘टुमारो’ – ‘द नेक्स्ट डे’. ‘यस्टरडे’ – ‘द प्रीव्हियस डे’. ‘अगो’ – ‘बिफोर’. एवढं केलं तरी दहावीला पुरे.

आणि बाळा, तुझ्यासाठी एक वाक्य देतो : ‘अच्छन् नाळे वरुम् एन्नु अम्म परञ्ञु’, म्हणजे ‘बाबा उद्या येणार म्हणून आई म्हणाली.’ आईनं हे आज सकाळी चहा गाळताना म्हटलंय असं समज. याचं इंग्रजी दोनदा लिही. एकदा तू ते आज संध्याकाळी मैदानावर मित्राला सांगतोयस असं धरून, आणि एकदा बाबा येऊन, आठवडाभर राहून परत त्रिशूरला गेल्यावर.